आईच्या आधी अंबिका : रीमा लागू यांच्या कारकिर्दीचा फेरविचार

१८ मे २०१७ रोजी पहाटे रीमा लागू गेल्या. वयाची एकोणसाठ वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. त्या दिवशी वाहिन्यांवर आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्यांची ओळख जवळपास एकाच शब्दात करून दिली गेली : आई. हिंदी चित्रपटसृष्टीची आई, सलमान खानची पडद्यावरची आई, लाडकी आई. मराठी वृत्तपत्रांनी त्यांच्या नाटकांची नावे दिली खरी, पण तीही बहुधा मजकुराच्या शेवटी, यादीसारखी.

ही ओळख खोटी नाही. पण ती कशी तयार झाली आणि तिने काय झाकून टाकले, हे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी आधी साध्या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहू. रीमा लागू यांचा जन्म २१ जून १९५८ चा. ‘कयामत से कयामत तक’ १९८८ च्या एप्रिलमध्ये प्रदर्शित झाला. त्यात त्या जुही चावलाच्या आई होत्या. स्वतःची तिशी अजून पूर्ण व्हायची होती. ‘मैंने प्यार किया’मधला त्यांचा मुलगा सलमान खान त्यांच्याहून साडेसात वर्षांनी लहान. ‘वास्तव’मधला त्यांचा मुलगा संजय दत्त तर जेमतेम एका वर्षाने लहान. म्हणजे ज्या वयात नट नायक म्हणून उभा राहतो, त्या वयात ही नटी आई झाली. आणि एकदा आई झाल्यावर त्याआधीची दहा वर्षे जणू घडलीच नाहीत, अशी आपली आठवण तयार झाली. या लेखाचा विषय ती दहा वर्षे आणि त्यांचा पुढच्या कामाशी असलेला संबंध हा आहे.

नयन भडभडे

रीमा हे नाव नंतरचे. मूळ नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे या रंगभूमीवरच्या अभिनेत्री. वसंत कानेटकरांच्या ‘लेकुरे उदंड जाली’मुळे त्यांचे नाव प्रेक्षकांच्या ओळखीचे झाले होते. नयनचे शिक्षण पुण्यात हुजूरपागेत झाले आणि शाळेच्या वयातच बालकलाकार म्हणून तिने कामे केली. नाटकवाल्या घरातल्या मुलीला तालीम म्हणजे काय, विंगेत गप्प का बसायचे, प्रयोग आणि घर यांची सांगड आई कशी घालते, हे निराळे शिकावे लागत नाही. मराठी रंगभूमीवर असे वारशाने आलेले शिक्षण पुष्कळ आहे, पण मुलीकडे आईकडून आलेल्या वारशाची नोंद आपण फारशी ठेवलेली नाही. वडिलांकडून मुलाकडे आलेल्या परंपरेला आपण घराणे म्हणतो. आईकडून मुलीकडे आलेल्या परंपरेला मात्र योगायोग म्हणून सोडून देतो.

१९७८ साली अभिनेते विवेक लागू यांच्याशी विवाह झाल्यावर नयन भडभडे यांच्या रीमा लागू झाल्या. पुढच्याच वर्षी आलेल्या जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’मध्ये त्या दिसतात. पाठोपाठ गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ (१९८०) आणि श्याम बेनेगलांचा ‘कलयुग’ (१९८१). भूमिका लहान आहेत. पण ज्या दिग्दर्शकांनी त्यांना निवडले ती नावे लहान नाहीत. हे तिघेही रंगभूमीवरचे नट पारखून घेणारे लोक होते. समांतर चित्रपटाच्या त्या काळात मुंबईतली मराठी आणि गुजराती रंगभूमी हा नटांचा मोठा साठा होता आणि रीमा लागू यांचा चित्रपटातला प्रवेश त्या वाटेने झाला. पुढे त्या लोकप्रिय हिंदी चित्रपटात स्थिरावल्या, तेव्हा हा पहिला टप्पा विस्मरणात गेला.

बँकेची नोकरी

एका गोष्टीकडे अभ्यासकांचे लक्ष कमी जाते. सत्तरचे दशक संपता संपता रीमा लागू युनियन बँक ऑफ इंडियामध्ये नोकरीला लागल्या आणि सुमारे दहा वर्षे त्यांनी ती नोकरी सांभाळली. चरित्रात ही बाब एका वाक्यात येते आणि निघून जाते. मला ती महत्त्वाची वाटते.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यांत युनियन बँकही होती. त्यानंतर शाखा वाढल्या, भरती वाढली. मुंबई-पुण्यातल्या शिकलेल्या मराठी मुलामुलींना, विशेषतः मुलींना, ठरलेल्या वेळेची नोकरी मिळू लागली. बँकांची स्वतःची कलामंडळे होती, आंतरबँक नाट्यस्पर्धा होत्या, कलावंत कर्मचाऱ्याचे कौतुक होते. अशोक सराफ याच काळात स्टेट बँकेत होते. नाटकाची ‘नाइट’ कितीही चांगली मिळाली, तरी नाटक पंचवीस प्रयोगांत बंद पडू शकते. पगार मात्र एक तारखेला होतो. आपण रंगभूमीच्या आश्रयदात्यांची नावे घेतो तेव्हा संस्थानिक येतात, नाट्यनिर्माते येतात, सरकारी अनुदान येते. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मराठी रंगभूमीचा एक मोठा, न मिरवणारा आश्रयदाता म्हणजे राष्ट्रीयीकृत बँकेचे हजेरीपत्रक होते.

या नोकरीचा दुसराही परिणाम होता. ज्या नटीचे घर नाटकाच्या नाइटवर चालत नाही, तिला भूमिका निवडता येते. पुढे ज्या दोन भूमिकांबद्दल लिहायचे आहे, त्या दोन्ही याच नोकरीच्या वर्षांतल्या आहेत. दोन्ही प्रेक्षकाला अस्वस्थ करणाऱ्या आहेत. सोज्वळ नायिकेची प्रतिमा जपणारी नटी त्या घेताना दहा वेळा विचार करील.

१९८२ : ‘पुरुष’

जयवंत दळवींचे ‘पुरुष’ विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली १९८२ मध्ये रंगभूमीवर आले. गुलाबराव या सत्ताधारी पुढाऱ्याच्या भूमिकेत नाना पाटेकर आणि अंबिका या शिक्षिकेच्या भूमिकेत रीमा लागू. अंबिका आदर्शवादी शिक्षकाची मुलगी. गुलाबराव तिच्यावर बलात्कार करतो. कायदा, समाज, चळवळीतली माणसे आणि खुद्द घर यांच्यापैकी कोणीच तिच्यामागे नीट उभे राहू शकत नाही. शेवटी ती गुलाबरावाचे पौरुषच कापून टाकते. मराठी व्यावसायिक रंगभूमीवर, कुटुंबासह आलेल्या प्रेक्षकांसमोर, हा शेवट घडत होता.

हे नाटक कोणत्या काळात आले ते ध्यानात घेतल्याशिवाय त्या भूमिकेचे वजन कळत नाही. पूर्व विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचे, ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखले जाणारे, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तिथे पोलीस निर्दोष सुटले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० पासून देशभर स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराविषयीच्या कायद्यात बदल झाला. ‘पुरुष’ या दोन टोकांच्या मधले आहे. मोर्चे निघत होते, कायदा अजून बदललेला नव्हता. दळवींनी दिलेले उत्तर कायद्याबाहेरचे आहे आणि त्यावर वाद घालता येतो. स्त्रीवादी अंगाने तो घातलाही पाहिजे. पण त्या उत्तरावर प्रेक्षकाचा विश्वास बसवण्याचे काम लेखकाचे एकट्याचे नव्हते. ते चोविशीतल्या एका नटीवर होते.

भूमिकेतली अडचण नेमकी सांगायची तर अशी : गुलाबराव हे पात्र रंगमंचावर फार आकर्षक आहे. त्याच्याकडे बोलण्याची लकब आहे, सत्तेचा माज आहे, विनोदही आहे. असा खलनायक ताकदीच्या नटाच्या हाती आला की नाटक त्याचे होऊन जाते. अंबिकेला सहानुभूतीचा आधार घेऊन, नुसते रडून ते परत मिळवता येत नाही. तसे केले तर शेवटचे कृत्य आगंतुक वाटते. पहिल्या अंकातल्या मोकळ्या, वडिलांवर विश्वास असलेल्या मुलीपासून शेवटच्या थंड निश्चयापर्यंतचा प्रवास तिने प्रेक्षकाच्या देखत, पायरी पायरीने करावा लागतो. नाना पाटेकरांच्या गुलाबरावासमोर अंबिका फिकी पडली असती, तर नाटकाचे नाव तेवढे खरे ठरले असते आणि शेवट खोटा. तसे झाले नाही. आजही ‘पुरुष’ची आठवण निघाली की नाना पाटेकरांपाठोपाठ रीमा लागूंचे नाव येते.

१९८५ : एका देहात दोघी

तीन वर्षांनी शेखर ताम्हाणे यांचे ‘सविता दामोदर परांजपे’ आले. अभ्यंकर दांपत्याच्या घरात पत्नी कुसुम हिच्या दुखण्याचे निमित्त होते आणि तिच्या देहात सविता नावाची दुसरीच स्त्री वावरत असल्याचे उघड होते. ढोबळपणे हे भयनाट्य. पण नटीच्या दृष्टीने ही एकाच वेळी दोन स्त्रियांची भूमिका आहे. कुसुम ही गृहिणी. सविता ही हक्क सांगायला आलेली, सूड आणि वासना घेऊन आलेली स्त्री. वेश तोच, चेहरा तोच, मध्ये पडदा नाही. बदलतो तो आवाज, नजर, उभे राहण्याची पद्धत. चित्रपटात हे काम प्रकाशयोजना, रंगभूषा आणि संकलन वाटून घेतात. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत ते एकट्या नटीला पोचवावे लागते.

याखेरीज ‘घर तिघांचं हवं’, ‘चल आटप लवकर’, ‘झाले मोकळे आकाश’, ‘बुलंद’ अशी त्यांची नाटके आहेत. त्यांतले रत्नाकर मतकरींचे ‘घर तिघांचं हवं’ ताराबाई मोडकांच्या आयुष्यावर बेतलेले. विनोदी, गंभीर, चरित्रात्मक, भयनाट्य असा पल्ला त्यात येतो. आई हा त्या पल्ल्याचा एक लहान भाग होता.

पडद्यावरची आई

मग ही नटी तिशीच्या आत पडद्यावर आई का झाली? याचे एक उत्तर हिंदी चित्रपटाच्या तेव्हाच्या वळणात आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सूडकथांची लाट ओसरू लागली आणि कोवळ्या नायक-नायिकांच्या प्रेमकथा आल्या. आधीची आई पांढऱ्या साडीतली, शिलाई मशीनवर बसलेली, अन्याय सोसलेली होती. नव्या कथेतल्या घरात गाडी होती, बंगला होता, आणि मुलाशी मैत्रिणीसारखी बोलणारी आई हवी होती. ‘मैंने प्यार किया’मधली आई नवऱ्याचा हट्ट ओळखते, मुलाची बाजू घेते, पण घर मोडू देत नाही. ही बाई तरुण दिसली तर बिघडत नव्हते. उलट ती तरुण असणे सोयीचे होते. निर्मात्यांना हवी होती अशी नटी, जिच्या चेहऱ्यावर विश्वास बसेल आणि जी नायिकेच्या जागेसाठी भांडणार नाही. रंगभूमीवर आधीच नाव कमावलेली मराठी अभिनेत्री या चौकटीत नेमकी बसली.

ही परंपरा जुनी आहे. दुर्गा खोटे, सुलोचना, ललिता पवार : हिंदी पडद्यावरच्या आया आणि सासवा घडवण्यात मराठी अभिनेत्रींचा वाटा फार मोठा आहे. तिघीही आधी नायिका होत्या. रीमा लागू यांच्या बाबतीत फरक इतकाच की हिंदी पडद्यावर नायिका होण्याचा टप्पा त्यांना मिळालाच नाही. त्यांची नायिका रंगमंचावर होऊन गेली होती, आणि हिंदी प्रेक्षकाने ती पाहिलेली नव्हती.

‘मैंने प्यार किया’, ‘आशिकी’, ‘हम आपके हैं कौन’ आणि ‘वास्तव’ या चार चित्रपटांसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्री म्हणून फिल्मफेअरचे नामांकन मिळाले. पुरस्कार एकदाही मिळाला नाही.

मालिकांतली वाट

दूरदर्शनशी त्यांचे नाते चित्रपटातल्या आईच्या आधीचे आहे. ‘हम लोग’ने १९८४ मध्ये भारतीय प्रेक्षकाला सोप ऑपेरा या प्रकाराची ओळख करून दिली. अमेरिकेत साबणाच्या कंपन्यांनी पुरस्कृत केलेल्या रेडिओ मालिकांवरून हे नाव पडले होते. आपल्याकडे नाव आले, घराचा गुंता आला आणि प्रायोजकही आले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘खानदान’मध्ये रीमा लागू होत्या. म्हणजे भारतीय मालिकेच्या पहिल्या पिढीतल्या त्या कलाकार. १९८५ हे त्यांच्या आयुष्यातले वर्ष कसे असेल पाहा : बँक, सविता परांजपे आणि ‘खानदान’.

नव्वदच्या दशकात ‘श्रीमान श्रीमती’ आणि ‘तू तू मैं मैं’ या दोन विनोदी मालिकांनी त्यांना घराघरांत पोचवले. पहिल्या मालिकेत जतीन कणकिया यांच्या केशव कुलकर्णीची बायको कोकिला. दुसरीत सचिन यांच्या दिग्दर्शनाखाली सुप्रिया पिळगावकर यांच्या सूनबाईशी रोज वाद घालणारी सासू देवकी. सून प्रत्यक्षात सासूपेक्षा नऊ वर्षांनी लहान. एकाच काळात एका मालिकेत तरुण बायको आणि दुसरीत सासू, आणि प्रेक्षकाला दोन्ही पटत होते.

या मालिका आज पुन्हा पाहिल्या तर त्यांतली रंगभूमी सहज ओळखू येते. जतीन कणकिया गुजराती रंगभूमीवरून आलेले, रीमा मराठी रंगभूमीवरून. दोघांनाही माहीत होते की हशा येण्याआधी किती थांबायचे आणि आल्यावर पुढचे वाक्य कधी टाकायचे. स्टुडिओत प्रेक्षक नाही. हशा नंतर जोडला जातो. तरी वाक्य अशा जागी थांबते की तिथे हशा येणारच. ही सवय नाट्यगृहात लागते, आणि जिवंत प्रेक्षक समोर नसतानाही ती सुटत नाही. ‘तू तू मैं मैं’मधली सासू दुष्ट नाही, हेही लक्षात घ्यावे. दोघी बरोबरीने भांडतात. कधी ही जिंकते, कधी ती. २००० नंतरच्या दैनंदिन मालिकांनी सासू-सुनेच्या नात्याचे जे केले, त्याच्याशी ताडून पाहिले तर ही जुनी मालिका अधिक प्रौढ वाटते.

१९९९ : दोन आया

१९९९ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबर महिन्यांत त्यांचे दोन चित्रपट पाठोपाठ आले. ‘हम साथ साथ हैं’मधली आई मैत्रिणींच्या सांगण्यावरून सावत्र मुलाला घराबाहेर काढायला कारण होते आणि नंतर पस्तावते, कैकेयीची गोष्ट, गोड शेवटाची. महेश मांजरेकरांच्या ‘वास्तव’मधली आई चाळीतली. मुलगा रघू गुन्हेगारीत अडकतो, पैसा आणतो, मग मोडून पडतो. शेवटी त्याच्याच विनवणीवरून आई त्याच्यावर गोळी झाडते.

या प्रसंगाची तुलना नेहमी ‘मदर इंडिया’शी होते, आणि ती बरोबर आहे. पण मराठी वाचकाने दुसरीही तुलना करून पाहावी. सतरा वर्षांपूर्वी याच नटीने ‘पुरुष’च्या शेवटी हातात शस्त्र घेतले होते. तिथे सूड होता, इथे सुटका आहे. पण दोन्हीकडे सोसणारी स्त्री कायद्याची वाट न पाहता स्वतः निर्णय घेते, आणि दोन्हीकडे तो निर्णय आरडाओरडा न करता येतो. मांजरेकर स्वतः मराठी रंगभूमीवरून आलेले. त्यांनी ही भूमिका गोड आईच्या प्रतिमेला दिली असे म्हणण्यापेक्षा, त्या प्रतिमेमागे कोणती अभिनेत्री आहे हे त्यांना ठाऊक होते, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

शेवटची मालिका

पुढे मराठीत ‘सावली’, ‘अनुमती’ यांसारखे चित्रपट आणि झी मराठीवर ‘तुझं माझं जमेना’ ही मालिका झाली. २०१६ मध्ये स्टार प्लसवर ‘नामकरण’ सुरू झाली आणि त्यात रीमा लागू दयावंती मेहता ही करारी, कपटी आजी झाल्या. ज्यांना त्या फक्त प्रेमळ आई म्हणून माहीत होत्या, त्यांना हा बदल वाटला. ज्यांनी सविता परांजपे पाहिली होती, त्यांना तो बदल वाटण्याचे कारण नव्हते.

दैनंदिन मालिकेचे काम कष्टाचे असते. पाने सेटवर येतात, तालीम जवळजवळ नसते, दिवसभर उभे राहून एका भागाचे दृश्य-तुकडे पुरे करायचे असतात. नाटकात महिनाभर घासून घेतलेले वाक्य आणि इथे तासाभरापूर्वी हाती आलेले वाक्य, दोन्ही सारख्याच खात्रीने म्हणावे लागते. १७ मे २०१७ च्या संध्याकाळपर्यंत त्या ‘नामकरण’च्या चित्रीकरणात होत्या. त्याच रात्री छातीत दुखू लागले. दयावंतीची भूमिका दुसऱ्या अभिनेत्रीकडे गेली आणि मालिका पुढे चालू राहिली.

काय उरले

२०१८ मध्ये ‘सविता दामोदर परांजपे’वर मराठी चित्रपट आला. त्यामुळे कथा नव्या पिढीला कळली. १९८५ मध्ये ती रंगमंचावर कशी उभी राहिली होती, ते कळायला मार्ग नाही. दोष चित्रपटाचा नाही. आपल्याकडे नाटकाची नोंद छापील संहितेच्या पहिल्या पानापुरती राहते : पहिला प्रयोग, तारीख, नाट्यगृह, श्रेयनामावली. शंभराव्या प्रयोगापर्यंत भूमिका कशी वाढली, कुठे बदलली, बदली नट कोण आले, दौऱ्यावर काय झाले, हे त्या पानावर नसते. दूरदर्शनच्या जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या जात. हिंदी चित्रपट मात्र दर महिन्याला कोणत्या ना कोणत्या वाहिनीवर लागतो. आठवण त्याच्याच बाजूने झुकणार.

म्हणून रीमा लागू ‘आई’ ठरल्या, त्याचे कारण त्यांचा अभिनय तेवढाच होता हे नाही. टिकाऊ माध्यमाने त्यांचे तेवढेच रूप जपले, हे आहे. हीच गोष्ट रंगभूमीवरून मालिकेत आणि मालिकेतून चित्रपटात गेलेल्या इतर अनेक मराठी अभिनेत्रींची आहे. त्यांची कारकीर्द लिहायची तर उलट्या क्रमाने लिहून चालणार नाही. वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती, नाट्यगृहांच्या तारखांची पुस्तके, बँकांच्या कलामंडळांची कागदपत्रे, नेपथ्यकार आणि रंगभूषाकारांच्या आठवणी ही साधने अजून पूर्ण नाहीशी झालेली नाहीत. ‘पुरुष’ पाहिलेले प्रेक्षक आज साठीच्या पुढे आहेत. त्यांना विचारण्याची वेळ आत्ताची आहे.